हत्ती रजेवर होते

सतरा जानेवारी, शनिवार. गाडीवाल्याला तीन हजार रुपये आगाऊ दिले. ठराव दोन दिवसांचा, साडेनऊ हजारांचा. डिझेल त्याचं, चहापाणी आणि जेवण आमचं. त्या वेळी हजर होतो मी, माझी पत्नी, गाडीवाला, आणि पुण्याहून सकाळच्या ट्रॅव्हल्सनं उतरलेले मुलाचे आईवडील. मुलगा स्वतः आला नव्हता. तो पुण्यात बँकेत आहे. त्याला रजा मिळाली नाही.

अजून त्यांना व्याही म्हणायची सोय नव्हती, म्हणून पाहुणे म्हणतो. आमची मुलगी आलापल्लीकडच्या एका आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट आहे. ती आणि तो मुलगा नागपूरला एका मेसमध्ये जेवायचे, तेव्हापासूनची ओळख. एकमेकांना पसंत होते, आम्हालाही तो पसंत होता. अडत होतं एकाच जागी. मुलगी म्हणाली होती की मी माझी जागा सोडून पुण्याला जाणार नाही. मुलगा म्हणाला होता की मग मीच आलापल्लीच्या शाखेत बदली मागतो. इथवर ठीक होतं. पण ही गोष्ट त्याच्या आईच्या कानावर गेली आणि तिनं जेवण सोडलं नाही एवढंच. लोकांना शिक्षा म्हणून जिथं पाठवतात, तिथं हा अर्ज करून निघालाय, असं ती सगळ्या नातेवाइकांना सांगत होती. मुलगा आईला दुखवून लग्न करणार नव्हता. आमची मुलगी हट्टाची. वय एकतीस पूर्ण. हे मोडलं तर ती दुसऱ्या कुणाला बघायलाही तयार होणार नाही, हे मला माहीत होतं.

शेवटी ठरलं की त्यांनी येऊन मुलूख बघावा. शनिवार-रविवार फिरायचं आणि सोमवारी दुपारच्या ट्रॅव्हल्समध्ये बसण्याआधी हो किंवा नाही सांगायचं. मी नोकरीभर हिशेब तपासले आहेत. अंतर, वेळ, कुठं चांगला चहा मिळतो, कुठं स्वच्छ बाथरूम आहे, सगळं काढून ठेवलं होतं. पत्नीनं एकच सूचना केली होती. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलं तर सगळं सांगायचं नाही.

आमचं घर जटपुरा गेटच्या आत आहे. गोंडराजांच्या परकोटाच्या आत म्हणजे किल्ल्यातच, पण आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आमच्या लेखी तो ट्रॅफिकचा खोळंबा. ऑटो, दुधाच्या मोटारसायकली, शाळेच्या गाड्या, सगळे त्या एका कमानीतून निघू पाहतात. मुलाचे वडील मात्र कमानीखाली गाडी अडकली तेव्हा काच खाली करून वरचं कोरीव काम बघत बसले. हत्तीवर झडप घातलेला सिंह आहे तिथं. त्यांना गडकिल्ल्यांचा नाद. सह्याद्रीतले किती किल्ले पायी चढले ते त्यांनी नाष्ट्यालाच सांगितलं होतं.

"म्हणजे तुम्ही किल्ल्यात राहता," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो, आणि कर नगरपालिकेच्या काळापासून वेळेवर भरतो.

दुपारी बल्लारपूरला गेलो. तिथला किल्ला वर्धा नदीच्या काठावर आहे. भिंती उभ्या, दरवाजे उभे, आत वाडे पडून गवत माजलेलं. नदीकडच्या लहान दारातून खाली पाणी दिसतं. पाहुणे दोनदा सगळीकडं फिरून आले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "किल्ला छान आहे हो, पण चढायचं कुठं?"

"आमच्याकडं किल्ला चढत नाहीत," मी म्हटलं, "शिरतात."

ते मोकळं हसले. त्यांची मला चिंता नव्हतीच. चिंता होती ती बाईंची. बाई किल्ल्याच्या दरवाजात सावलीत उभ्या राहून एकेक प्रश्न विचारत होत्या आणि उत्तर मिळालं की गप्प होत होत्या. आलापल्लीहून मोठा दवाखाना किती लांब? मी खरं अंतर सांगितलं. पावसाळ्यात रस्ता बंद होतो का? म्हटलं, पुलावरून पाणी गेलं की होतो, भामरागडकडचा जास्त. लाइट जाते का? जाते. मग त्यांनी विचारलं, वाघ गावात येतो का हो? मी म्हटलं, आलापल्लीचं नक्की सांगता येत नाही, पण आमच्या चंद्रपुरातच वीज केंद्राच्या वसाहतीकडं दिसतो, अस्वलही दिसतं.

बाईंनी पदर घट्ट ओढून घेतला.

घरी आल्यावर पत्नीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. वडाभाताचं पीठ भिजवता भिजवता म्हणाली, "तुमाले खोटं बोलता येत नाई, हे मले मालूम हाय. पण गप बसता येते का नाई? त्याची काई फी लागते का?" मी म्हटलं, उद्या बाईला वाघ दिसला तर ती मलाच विचारेल. ती म्हणाली, उद्या बाई इथी आलीच नाई तर तिले वाघ दिसते कुठून? वडाभात बाईंना आवडला, त्यांनी वरून गरम तेल दोनदा घेतलं, पण कृती विचारली नाही. पत्नीच्या मते हे वाईट लक्षण होतं.

रविवारी पहाटे निघालो. दिवसाचा मुख्य भाग माझ्या मते कमलापूरचे हत्ती होता. जंगलात, तलावाकाठी, सरकारी हत्तींचा कॅम्प आहे. पूर्वी हे हत्ती सागाचे ओंडके ओढायचे, आता लोक त्यांना बघायला येतात. हत्ती बघून कुणी नाराज झालेला मी पाहिला नाही. वाघाचा भरवसा नसतो, तो दिसला तर भीती आणि नाही दिसला तर पैसे गेल्याचं दुःख. हत्ती मात्र असतातच. म्हणून मी सगळा बेत त्यांच्यावर टाकला होता.

आष्टीपर्यंत बरं गेलं. एका टपरीवर चहा प्यायलो. टपरीच्या ताडपत्रीवर वडशाच्या नाटकमंडळींची रंगीत पोस्टरं होती. मुलाच्या वडिलांनी विचारलं की खेड्यात एवढी नाटकं चालतात? मी सांगितलं की धान कापून झालं की हिवाळाभर चालतात, रात्री सुरू होतात आणि उजाडल्यावर संपतात, आणि ज्या गावात नाटक त्या गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे. त्यांना ते आवडलं. बाई पोस्टरकडं बघत होत्या, एवढीच जमेची बाजू.

आष्टीच्या पुढं मात्र लोहखनिजाचे ट्रक लागले. सूरजागडकडून येणारी ती रांग आम्हाला रोजची आहे. बाईंना नव्हती. काचा बंद केल्या तरी तांबडी धूळ आत येत होती. त्यांनी नाकाला रुमाल लावला, मग रुमालाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्या एका नजरेत मला सोमवारचं उत्तर दिसलं. मी ट्रक मोजत नव्हतो, तरी मोजल्यासारखं वाटत होतं.

आलापल्लीला मुलगी बसली. तिनं बाईंना नमस्कार केला आणि पाण्याची बाटली दिली. बाईंनी बाटली घेतली. पहिलं ठिकाण जुन्या सागांचं राखीव जंगल होतं. तिथं कुणी कुऱ्हाड लावत नाही. थंडी होती, धुकं खाली उतरलेलं आणि झाडांचे शेंडे दिसतच नव्हते. एका झाडाजवळ उंची आणि घेर लिहिलेली पाटी होती, ती मी मोठ्यानं वाचून दाखवली. बाई म्हणाल्या, "मला दिसतंय की." मुलीनं माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे बाबा, पुरे. मी गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. दुरून पाहिलं तर बाई एकट्याच त्या झाडाच्या बुंध्यावर तळहात टेकवून उभ्या होत्या. मला जरा धीर आला. आता हत्ती दिसले की काम होईल, असा हिशेब केला.

कमलापूरच्या कॅम्पच्या फाटकावर आडवा बांबू होता. बांबूमागं खुर्ची टाकून एक वनरक्षक उन्हाला बसला होता. गाडी थांबली तसा तो उठला आणि हात आडवा हलवला.

"बंद हाय, भाऊ. हत्ती सुट्टीवर हायेत."

मला वाटलं थट्टा करतो आहे. त्यानं सांगितलं की दर वर्षी थंडीत हत्तींच्या पायांना औषध लावतात, त्याला चोपिंग म्हणतात. दहा दिवस चालतं. तेवढे दिवस हत्तींना काम नाही, सवारी नाही, पाहुणे नाहीत. कालच सुरू झालं. पेपरातही आलं होतं म्हणे.

पेपर मी रोज वाचतो. पण हत्ती आपल्या जिल्ह्यातले, ते कुठं जाणार, असं धरून मी कुणालाच विचारलं नव्हतं. बाहेरगावचा माणूस असता तर त्यानं फोन केला असता. मी गाडीवाल्याकडं वळलो. तो म्हणाला, "मले वाटलं तुमाले मालूम असन. तुमी त सगळं लिहून आणलं होतं."

मुलाचे वडील एवढे हसले की त्यांना ठसका लागला. बाई हसल्या नाहीत. त्या गाडीतून उतरल्या, बांबूपाशी गेल्या आणि त्यांनी वनरक्षकाला विचारलं, "सुट्टी म्हणजे? हत्तीला?"

"हो बाई. वर्षभर उभंच असते ते. झोपते बी उभ्यानंच. मंग पाय दुखन नाई का?"

"आणि दहा दिवस कोणी काहीच काम सांगत नाही?"

"कोन सांगन?"

मी विनंती केली की इतक्या लांबून आलो आहोत, पाहुणे पुण्याचे आहेत. तो नाही म्हणाला, आणि माझ्या मनात आलं की त्याच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं. त्यानं एवढं केलं की रस्त्याच्या कडेला, कुंपणाबाहेर, मोहाच्या झाडाखाली बसायला हरकत नाही म्हणाला. तिथून झाडीमधून आतलं थोडं दिसतं. आम्ही सतरंजी टाकली. पत्नीनं डबे काढले. मला घास जात नव्हता.

दिसत होतं ते इतकंच. तीन दगडांवर मोठी कढई, खाली लाकडं, कढईतून वाफ. जडीबुटीचा कडवट, मातकट वास कुंपणापर्यंत येत होता. एक हत्तीण पाय जरा पुढं करून उभी होती. एक माणूस तिच्या पायाशी उकिडवा बसून कढईतलं गरम औषध फडक्यानं तिच्या तळव्याला चोपत होता. शेकायचं, दाबायचं, पुन्हा फडकं बुडवायचं. हत्तीण सोंडेनं पालापाचोळा उचलून स्वतःच्या पाठीवर टाकत होती, बस. ती आमच्याकडं बघत नव्हती. तो माणूसही बघत नव्हता.

थोड्या वेळानं एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन रस्त्यानं आली. त्या औषध लावणाऱ्या माहुताची बायको. घरची बोली माडिया, आमच्याशी मराठीत बोलली. मोळी खाली टाकून दम खायला आमच्याजवळ टेकली. पत्नीनं तिला पोळी दिली. पुण्याच्या बाईंनी तिला जे प्रश्न विचारले, ते आम्हाला दोन दिवसांत विचारले नव्हते. औषधात काय काय असतं? तिनं सांगितलं की पुष्कळ पाले, साली, मुळ्या, तिच्या सासऱ्याला सगळ्या माहीत होत्या. टाचांच्या भेगांना चालतं का? ती म्हणाली, आमी लावतो ना. मग बाईंनी चपलेतून पाय काढून स्वतःची टाच दाखवली. ती टाच बघून माहुताच्या बायकोनं जीभ चावली आणि म्हणाली, "तुमाले त दहा नाई, वीस दिवस लागतीन."

पत्नीला हसू आवरेना. बाईंनाही आवरलं नाही. दोन दिवसांत पहिल्यांदा मी त्यांचे दात पाहिले.

"मग तुमच्या नवऱ्यालाही दहा दिवस सुट्टीच?" बाईंनी विचारलं.

"त्याले कायची सुट्टी? आता त जास्त काम." मग जरा थांबून ती म्हणाली, "पण संध्याकाळी हत्ती जंगलात सोडले का तो घरी. आमी सगळे संगंच जेवतो. तो नाई आला त लेकरं बी बसत नाईत."

ती मोळी उचलून निघून गेली. बाई कुंपणाकडं बघत बसल्या. मला वाटलं आता त्या हत्तिणीबद्दल काही बोलतील. त्या माझ्या मुलीला म्हणाल्या, "तुमच्या इथली ती बँकेची शाखा किती वाजता बंद होते?"

मुलगी म्हणाली की पाच-साडेपाचला शटर पडतं, मार्च महिना सोडून. सहाला तिथले दोघं शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळायला येतात. औषधं घ्यायला आलेले लोक तिला ते सांगतात, कारण त्यातला एक फार वाईट खेळतो.

बाई म्हणाल्या, "आमचा घरी येतो तेव्हा मी झोपलेली असते. ताट झाकून ठेवते. सकाळी ते ताट घासताना कळतं की तो जेवला. गेल्या दिवाळीतही असंच. परवा त्यानं इकडं यायला दोन दिवस रजा मागितली, तर साहेब म्हणाला, लग्न ठरलं की बघू." त्यांनी टाच पुन्हा चपलेत घातली. "शिक्षेची जागा म्हणे. शिक्षा कुठं चालू आहे ते मी बघतेय इतकी वर्षं."

मुलाचे वडील खाली बघून सतरंजीचा दोरा ओढत होते. हे त्यांनाही पहिल्यांदाच ऐकायला मिळत असावं.

"तिथं तुला एकटीला भीती नाही वाटत?" बाईंनी मुलीला विचारलं.

मुलगी माझ्याच वळणाची. म्हणाली, "पहिल्या पावसाळ्यात वाटली. लाइट गेली होती आणि घरात साप निघाला होता. शेजारच्या बाईंनी काठी आणली. आता मीच काठी ठेवते."

पत्नीनं कपाळावर हात मारून घेतला. मीही डोळे मिटले. संपलं, असं वाटलं.

पण बाई म्हणाल्या, "करू दे त्याला अर्ज."

कढईखालचं लाकूड तडकल्याचा आवाज आला. मला ते वाक्य नीट कळलं होतं, पण लग्नाच्या बाबतीत अर्धवट कळलेलं चालत नाही. अर्ज केला म्हणजे लग्नाला संमती, असं कुठं म्हटलं होतं? पत्नीनं सतरंजीखालून माझ्या पायाला चिमटा काढला, तरी मी विचारलंच, "म्हणजे हो धरायचं का?"

"धरा," बाई म्हणाल्या. "आणि ते साप-बीप मला आधी सांगितलंत म्हणून धरा. पुण्यात एका घरानं मुलगी दाखवताना तिची दम्याची औषधं लपवली होती."

तेव्हा मुलाच्या वडिलांनी मान वर केली. त्यांनी खिशातून फोन काढला, रेंज नव्हती, परत ठेवला आणि माझा हात हातात घेतला. मी त्यांचा हात किती वेळ धरून ठेवला ते सांगता येणार नाही. छातीवरून कुणीतरी पोतं उतरवून ठेवावं तसं झालं होतं. मला एकदम भूक लागली आणि मी तीन पोळ्या खाल्ल्या. मुलगी कुंपणापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिची आई तिच्याजवळ गेली. त्या दोघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

निघताना वनरक्षक म्हणाला, "दहा दिवसानं या, तवा चालू राहीन." मी म्हटलं, राहू द्या, आमचं काम झालं. तो माझ्याकडं जरा चमत्कारिक बघत होता.

परतताना मुलीला आलापल्लीला सोडलं. पुढं पुन्हा ट्रक लागले, पुन्हा तीच धूळ. बाईंनी रुमाल काढला, पण या वेळी त्या आणि माझी पत्नी वडाभातात हिंग कधी घालायचा यावर बोलत होत्या. गाडीवाला आरशातून माझ्याकडं बघून हसला. त्याला सगळं कळलं होतं. रेंज आल्यावर मुलाच्या वडिलांनी पुण्याला फोन लावला. मुलगा रविवारीही कामात होता, दोन मिनिटांत करतो म्हणाला. त्याचा फोन आला तेव्हा आम्ही गोंडपिपरीपर्यंत पोचलो होतो. बाईंनी फोन घेतला आणि एवढंच म्हणाल्या, अर्ज टाक, आणि आज तरी लवकर घरी जा, ताट झाकून ठेवायला मी तिथं नाही.

लग्न कुठं करायचं हा प्रश्न निघाला, तो मुलाच्या वडिलांनी जेवताना सोडवून टाकला. पुण्यात लग्न लावलं तर त्यात सांगण्यासारखं काय? लग्न चंद्रपुरातच, आणि तेही परकोटाच्या आत. त्यांच्या गिर्यारोहणाच्या गटातल्या कुणाच्याच मुलाचं लग्न किल्ल्यात झालेलं नव्हतं. मी म्हटलं, आत पार्किंगची फार अडचण होते. पत्नीनं माझ्याकडं पाहिलं आणि मी पार्किंगबद्दल आणखी बोललो नाही.

सोमवारी सकाळी आम्ही चौघं परकोटाच्या आतल्या एका समाजाच्या हॉलवर गेलो. दोनशे माणसांचा हॉल, भांडी आणि जनरेटरसकट. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातला एक दिवस मोकळा होता. विसार अकरा हजार रुपये. मी पूर्ण रक्कम काढली होती, पण बाईंनी पर्स उघडली आणि म्हणाल्या, दोन्ही घरांचं लग्न आहे. मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. साडेपाच हजार त्यांनी ठेवले, साडेपाच हजार मी, आणि हॉलची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी ते मोजून घेतले.